तीन कुंड्यांचा अभ्यासदौरा

इंग्रजीशी माझं कधी वैर नव्हतं. ओळखच नव्हती, असं म्हणणं जास्त खरं. कराडच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी जन्मभर इंग्रजी पुस्तकांवर शिक्के मारले, त्यांच्या निसटलेल्या पाठी चिकटवल्या, पावसाळा संपला की त्यांना ऊन दाखवलं. पण कोणी इंग्रजीत बोलायला आलं की मी कपाटामागे जात असे. ग्रंथालयात कपाटं पुष्कळ असल्यामुळे नोकरी निर्विघ्न पार पडली.

निवृत्तीनंतर साताऱ्यात घर घेतलं. त्या घरात कपाट एकच, आणि तेही भिंतीत. त्यामुळे समोरच्या अश्लेषाने जेव्हा कॉलनीतल्या ज्येष्ठांसाठी रविवारी सकाळी इंग्रजी संभाषणाचा वर्ग काढला आणि माझ्या पत्नीने, शकुंतलेने, तिच्या नावाखाली माझंही नाव परस्पर घालून टाकलं, तेव्हा मला लपायला जागा उरली नाही.

अश्लेषा पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचं काम घरी बसून करते. मुलगी गोड आहे, पण शिस्तीची. तिची पद्धत अशी, की दर रविवारी एक वाक्प्रचार द्यायचा. तो आठवड्यात वर्गाबाहेरच्या कुणाशी तरी बोलताना वापरायचा. ज्याने वापरला नाही त्याला पुढचा वाक्प्रचार मिळणार नाही. आणि अट एकच, वाक्य खरं पाहिजे. "घोकलेलं विसरतं, अण्णा," ती म्हणाली, "आपल्या खऱ्या आयुष्यात वापरलेलं विसरत नाही."

पहिल्याच रविवारी तिने 'इन इट्स इन्फन्सी' हा वाक्प्रचार दिला. एखादी गोष्ट नुकती सुरू झालेली असावी, अजून बाल्यावस्थेत असावी, तेव्हा तो वापरतात.

शकुंतलेने तो घरी पोचायच्या आत वापरला. पुण्याला सुनेला फोन लावून ती म्हणाली, "अंकिता, परवाची तुझी पुरणपोळी, स्टिल इन इट्स इन्फन्सी बरं का." पलीकडून फोन ठेवला गेला. सुनेला धक्का पुरणपोळीचा बसला की सासूच्या इंग्रजीचा, ते कळलं नाही. वर्गातल्या निवृत्त पोस्टमास्तरांनी तो कॉलनीतल्या गटाराच्या खोदकामाबद्दल वापरला. हे खोदकाम सुरू झालं तेव्हा त्यांचे केस काळे होते. तरीही अश्लेषाने उदाहरण मान्य केलं.

राहिलो मी.

मी एक दिवस अंगणात बसून विचार केला, की माझ्या आयुष्यात नुकतंच सुरू झालेलं असं काय आहे? स्कूटर? ती आता उतारावरच चालते. गुडघे? डॉक्टर त्यांच्याबद्दल भूतकाळात बोलतात. दात, चष्मा, स्मरणशक्ती, सगळं शेवटच्या प्रकरणात. या वयात माणसाजवळ बाल्यावस्थेतलं काहीच नसावं, याचं खरं तर वाईट वाटायला हवं होतं. पण मला आधी गृहपाठाची भीती वाटली.

दुसऱ्या आठवड्यात देवाने सर्दी पाठवली. सकाळी पहिली शिंक आली आणि मी आनंदाने उठून बसलो. डॉक्टरांकडे जाऊन 'माय कोल्ड इज इन इट्स इन्फन्सी' म्हणायचं ठरवलं. दवाखान्यात गर्दी होती. माझ्या मागच्या माणसाला पुढे जाऊ दिलं, मग त्याच्या मागच्या बाईंना, मग एका लेकुरवाळीला. वाक्य मनात म्हणत मी इतका वेळ बसलो की आत गेलो तेव्हा सर्दी ऐन तारुण्यात होती. डोळे सुजले होते, आवाज बसला होता. वाक्य खरं राहिलं नव्हतं. गोळ्या घेऊन परत आलो.

मग शकुंतला म्हणाली, मिशी ठेवा. साताऱ्यात राहून मिशी नाही, हे तिला पहिल्यापासूनच बरोबर वाटत नव्हतं. मला कल्पना पटली. मिशीइतकं हळूहळू वाढणारं दुसरं काही नाही. बाल्यावस्था सहज महिनाभर टिकेल. पण नुसत्या मिशीभोवती दाढी करायची म्हणजे हात स्थिर पाहिजे. तो नसल्यामुळे मी दाढीलाही सुट्टी दिली. इथे माझ्यासारख्या रोज घोटून दाढी करणाऱ्या म्हाताऱ्याची हनुवटी पांढरी दिसू लागली, की लोक एकच अर्थ काढतात. आधी पोस्टमास्तरीणबाई फाटकापर्यंत आल्या, शकुंतला दारात धडधाकट उभी आहे आणि तिच्या कपाळावर कुंकू आहे हे त्यांनी पाहून घेतलं, आणि मग हलक्या आवाजात विचारलं, "कुणाचं सुतक?" मला घाईत इंग्रजी तर सोडाच, मराठीही सुचेना. मी मान खाली घातली. त्यांनी ती दुःखाने घातली असं समजून संध्याकाळी पिठलं-भाकरी पाठवली. दुसऱ्या घरून भात आला. कुणाचंही नाव न घेता चार माणसं येऊन "वय झालं होतं का?" असं विचारून गेली. पिठलं उत्तम होतं. आम्ही ते खाल्लं, हे कबूल करायला हवं. पण शकुंतलेने दुसऱ्याच दिवशी गरम पाणी आणि वस्तरा माझ्यापुढे आणून ठेवला.

वर्ग पुढे चालला होता. इतर जण चौथ्या-पाचव्या वाक्प्रचारावर पोचले. मी भिंतीलगतच्या खुर्चीत पहिलाच धरून बसलो होतो. अश्लेषा नुसती "अण्णा?" म्हणायची आणि मी नकारार्थी मान हलवायचो. वर्ग सोडावा असं अनेकदा मनात आलं. पण सोडायचं म्हणजे तिला तसं सांगायचं, आणि तेवढं धैर्य असतं तर मी वाक्यच बोललो नसतो का?

शेवटी ठरवलं, आपल्या आयुष्यात काही सुरू होत नसेल तर आपण सुरू करावं. वाईच्या वाटेवरच्या एका रोपवाटिकेतून मी स्ट्रॉबेरीची तीन रोपं आणली आणि गच्चीवर कुंड्यांत लावली. स्ट्रॉबेरीच का? महाबळेश्वर जवळ आहे म्हणून, आणि ती आधी फुलते, मग हिरवी, मग पांढरी, मग लाल होते असं वाचलं होतं म्हणून. एवढ्या पायऱ्यांत माझ्यासारख्याला एक वाक्य बोलायला अवधी मिळेल असा हिशोब होता.

आमच्या गच्चीला लागून लालासाहेबांची गच्ची. ते फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मूळ पाटणकडचे. वर्गाला येत नाहीत. "आमचं विंग्लिश मिलिटरीचं हाय, बायामाणसांत चालत न्हाई," म्हणतात. म्हणजे वर्गाबाहेरचा माणूस, नियमात बसणारा, आणि दोन हातांच्या अंतरावर उभा. एका सकाळी मी कुंड्यांना पाणी घालत वाक्य घोळवत होतो, तेव्हा कठड्यावरून त्यांचं डोकं वर आलं.

"आण्णा, काय लावलंय?"

वाक्य गळ्यापर्यंत आलं. 'माय स्ट्रॉबेरी' एवढं ओठांवरही आलं असावं. आणि तिथे माझा जन्मभराचा स्वभाव आडवा आला. मी मराठीत म्हणालो, "स्ट्रॉबेरी आहे. अगदी सुरुवात आहे."

ही माझी चूक. आपल्याकडे काही सुरू करावं. पण सुरुवात आहे असं कुणाला सांगू नये. कारण सुरुवात ही इथे खाजगी गोष्ट नाही. ती कळली की नारळ येतो, अध्यक्ष येतो, आणि ज्याची सुरुवात असते तो मागच्या रांगेत उभा राहतो.

लालासाहेब अर्ध्या तासात नारळ घेऊन आले. कुंडीच्या कडेवर तो फोडताना एक कुंडी तडकली. ती सुतळीने बांधली. मग ते म्हणाले, याची सरकारदरबारी नोंद पाहिजे, उद्या अनुदान निघालं तर आपण मागं नको. मी नको-नको म्हणत असताना त्यांनी मला त्यांच्या स्कूटरवर मागे बसवून एका कार्यालयात नेलं. तिथल्या बाई सभ्य होत्या. त्यांनी सातबारा मागितला. लालासाहेबांनी सांगितलं, पीक गच्चीवर आहे. बाई म्हणाल्या, मग गच्चीचा सातबारा आणा. क्षेत्र किती, असं त्यांनी विचारलं, तेव्हा लालासाहेबांनी हातांनी कुंडीचा घेर दाखवला आणि तिनाने गुणायला सांगितलं. बाईंनी संगणकात बराच वेळ पाहिलं. विहीर होती, बोअर होती, शेततळं होतं. तांब्याने पाणी घालणं हा प्रकार कुठे नव्हता. पाण्याचा स्रोत लिहिल्याशिवाय पुढचं पान उघडेना. आम्ही परत आलो. माझा अपमान झाला की नाही याचा मी वाटभर विचार केला, आणि झाला असावा, अशा निष्कर्षावर आलो.

लालासाहेब असल्या गोष्टींनी खचणारे नव्हेत. त्यांचे जावई यशराज यांचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. दोन दिवसांनी दूध आणायला गेलो तर कॉलनीच्या तोंडाशी मीच उभा. ग्रंथालयाच्या ओळखपत्रावरचा माझा फोटो. त्यावर संगणकाने भगवा फेटा बांधला होता, आणि तो घसरून चष्म्याच्या एका काचेवर आला होता. खाली लिहिलं होतं, 'प्रगतशील शेतकरी, गच्चीवरील स्ट्रॉबेरी प्रकल्पाचे आधारस्तंभ, मा. अण्णा यांचे हार्दिक अभिनंदन'. शुभेच्छुकांमध्ये लालासाहेबांचा फोटो माझ्याहून मोठा होता. मी महिनाभर दूध मागच्या बोळातून आणलं.

इकडे प्रकल्पाची परिस्थिती अशी, की एका रोपाला काहीच आलं नाही. दुसऱ्याला एक फूल आलं आणि गळलं. तडकलेल्या कुंडीतल्या रोपाला मात्र एक फळ धरलं. बुलबुलाने पाहू नये म्हणून शकुंतलेने त्यावर चहाचं जुनं गाळणं पालथं घातलं. आम्ही दोघं सकाळी वर जाऊन गाळणं उचलायचो, बघायचो, परत ठेवायचो. मला त्यात एक विलक्षण सुख वाटू लागलं होतं, पण ते मी कुणाला सांगितलं नाही. सुरुवात सांगण्याचे परिणाम ताजे होते.

एका शनिवारी संध्याकाळी लालासाहेब कठड्यावरून म्हणाले, "आण्णा, उद्या आमची आक्का येनार हाय. बचत गटाच्या बायका घिऊन. आटपाडीकडनं. अभ्यासदौरा हाय."

"कशाचा अभ्यास?"

"तुमचा."

त्यांनी फ्लेक्सचा फोटो बहिणीला पाठवला होता. बहिणीने गटाला दाखवला. गटाने गाडी ठरवली. द्राक्षाच्या बागा, डाळिंबाच्या बागा, दुधाचा गोठा असे दौरे निघतात हे मला माहीत होतं. चहाच्या गाळण्याखालच्या एका फळासाठी निघाल्याचं ऐकलं नव्हतं. त्यांना फोन करून नको म्हणा, असं मी लालासाहेबांना विनवलं. ते म्हणाले, आक्काला नको म्हणणारा माणूस त्यांच्या घराण्यात अजून जन्मला नाही.

रविवारी सकाळी, वर्गाच्या वेळेलाच, ते स्ट्रॉबेरीचे दोन खोके आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ घेऊन आले, आणि एकेक फळ रोपाला बांधू लागले. "फौजेत आमी जंगल हाय तिथनं उचलून न्हाई तिथं न्हेल्यालं हाय," ते म्हणाले. "ह्ये तर फळ." मी शकुंतलेकडे पाहिलं. मला वाटलं ती थांबवेल. ती रीळ धरून उभी होती. "घरी आलेल्या बायकांना रिकामं झाड दाखवायचं का?" ती म्हणाली. लाल फळांच्या ओझ्याने तिन्ही रोपं कुंडीच्या कडेवर मान टाकून पडली. एवढं पीक मी पुस्तकातही पाहिलं नव्हतं.

गाडी आली. वीस-पंचवीस बायका उतरल्या. सर्वांत पुढे राहीबाई, लालासाहेबांची थोरली बहीण, डोक्यावर पदर, हातात भाकरीचं गाठोडं. "लाल्या, जिना कुठंय?" त्यांनी विचारलं. सुभेदार लालासाहेब एका शब्दात लाल्या झाले. इतक्या झटपट कुणाचं पद गेलेलं मी पाहिलं नव्हतं.

बायका ओळीने वर आल्या. गच्ची भरली. त्यांनी कुंड्यांकडे पाहिलं, मग कठड्यापलीकडे पाहिलं, मग पुन्हा कुंड्यांकडे.

"ह्यो नमुना व्हय?" एकीने विचारलं. "आन परकल्प कुठं हाय?"

लालासाहेबांनी घसा साफ केला आणि 'कमी जागेत भरघोस पीक' यावर बोलू लागले. राहीबाईंनी हात वर केला तसे ते थांबले.

"आवं आण्णा," त्या मला म्हणाल्या, "आमचा गट होऊन वरीस झालं, पर धंदा काय करावा ठरंना. पापड सगळ्याच करत्यात. कोंबड्या न्हाई टिकल्या. आता समद्यांनी ठरवलंय, तुमचं बगायचं आन गटात हाय न्हाई ते समदं ह्याच्यात घालायचं. तुमी म्हनशीला तसं. तुमी शिकल्यालं मानूस, तुमी काय फसवायचा न्हाई."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. शकुंतलाही बघत होती. दोऱ्याचं रीळ तिने पदराखाली घेतलं होतं. मी कपाट शोधलं. गच्चीवर पाण्याची टाकी होती, पण तिच्यामागे आधीच लालासाहेब सरकले होते. आटपाडीचं ऊन डोळ्यांसमोर आलं. आणि तोंड उघडलं तर तिथे दोन महिने पाठ होऊन बसलेलं एकच वाक्य होतं. तेच बाहेर पडलं.

"माय स्ट्रॉबेरी प्रोजेक्ट इज स्टिल इन इट्स इन्फन्सी."

मलाच माझा आवाज ओळखू येईना.

"म्हंजी काय वं?" राहीबाई म्हणाल्या.

"म्हणजे अजून काही नाही, राहीबाई. तीन रोपं आहेत. फळ एकच, ते त्या गाळण्याखाली. बाकीची दोऱ्याने बांधली आहेत. तुमच्याकडच्या उन्हात ही जगतील की नाही मला माहीत नाही. आमच्याकडे जगतील का, तेही माहीत नाही. यात काही घालू नका."

राहीबाई वाकल्या. एक लाल फळ उचललं, दोरा पाहिला, गाठ बोटांत फिरवली.

"लाल्या, ही गाठ तुजी. ल्हानपनी शेरडं अशीच बांदायचास, आन गावभर हुडकत फिरायला मला लागायचं."

आधी मागच्या बायका हसल्या, मग सगळी गच्ची. टाकीमागून हसण्याचा प्रयत्न ऐकू आला. राहीबाईंनी गाळणं उचललं, खालचं अर्धवट पिकलेलं फळ तोडलं आणि मी काही म्हणायच्या आत तोंडात टाकलं. माझा संपूर्ण हंगाम त्यांनी डोळे मिटून चावला.

"आंबट हाय," त्या म्हणाल्या. मग खाली बसल्या आणि भाकरीचं गाठोडं सोडलं. मला वाटलं, संपलं. पण भाकरी मोडता मोडता त्यांनी विचारलं, "ते आदी विंग्रजीत काय म्हनलासा?"

मी अर्थ सांगितला. एखादं काम हाती घेतलंय, पण अजून दाखवण्यासारखं काही झालेलं नाही.

राहीबाईंचा घास हातातच राहिला. "म्हंजी काय केलं न्हाई, ह्ये असं ताठ मानंनं सांगता येतंय?"

"येतं."

"बगा गं. त्यो ब्यांकेचा सायेब दर म्हैन्याला येतोय, गट काय करतोय म्हनून इचारतोय, आन आपुन खाली बगत बसतोय." त्या माझ्याकडे वळल्या. "आण्णा, आमाला ह्ये शिकवा. गाडीचं भाडं तरी वसूल हुईल."

एका माणसाशी एक वाक्य बोलायला मला दोन महिने लागले होते. आता समोर पंचवीस जणी मांडी घालून बसल्या. 'अवर ग्रुप इज स्टिल इन इट्स इन्फन्सी.' मी म्हणायचो, त्या म्हणायच्या. सुरुवातीला कुणी 'इन'वर थांबे, कुणी पुढे पळे. तेव्हा लालासाहेब टाकीमागून बाहेर आले आणि पायाने ताल देऊ लागले. त्यानंतर वाक्य कवायतीसारखं एका दमात जाऊ लागलं. समोरच्या घरात वर्ग चालू होता. तो बंद पडला. अश्लेषा, पोस्टमास्तर आणि मंडळी बाहेर येऊन वर बघत उभी राहिली. मी त्यांना पाहिलं, आणि नवल म्हणजे, थांबलो नाही.

संध्याकाळी अश्लेषाने मला दुसरा वाक्प्रचार दिला. पोस्टमास्तरांनी, वापर एकाच माणसाशी करायचा होता, पंचवीस जणींशी केल्यास चालतो का, असा मुद्दा काढला. पण तो फेटाळण्यात आला. फ्लेक्स लालासाहेबांनी मुकाट्याने उतरवला. तो आता मी माझ्या स्कूटरवर घालतो. फेटा बरोबर सीटवर येतो.

पुढच्या आठवड्यात राहीबाईंचा फोन आला. साहेब आला होता. त्याने विचारल्याबरोबर सगळ्या जणींनी एका दमात वाक्य टाकलं. साहेबाने उभं राहून राहीबाईंना स्वतःची खुर्ची दिली. "पर मग त्योबी विंग्रजीत काय तर बोलला की," त्या म्हणाल्या. "आता फुडचं वाक्य द्या. बायका बसल्यात. फोन मोठ्यानं हाय."

माझ्याजवळ दुसरा वाक्प्रचार होता. मी तो दिला. तेव्हापासून दर बुधवारी दुपारी मी गच्चीवर फोन घेऊन बसतो आणि आटपाडीकडच्या त्या गावातून माझ्यामागून पंचवीस आवाज येतात. अश्लेषाकडून रविवारी घ्यायचं, बुधवारी द्यायचं. शकुंतला तेराव्या वाक्प्रचारावर आहे, पण तिचा वर्ग नाही. हे मी तिला बोलून दाखवलेलं नाही.

परवा असाच फोन ठेवला आणि कुंड्यांना पाणी घालायला उठलो. कठड्यावरून लालासाहेबांचं डोकं वर आलं.

"आण्णा, तुमची शिकवनी कुठवर आली?"

उत्तर माझ्यापाशी तयार होतं. वाक्य खरं होतं, माझ्या स्वतःच्या आयुष्यातलं होतं, आणि आता ते मला भर बाजारात उभं राहून म्हणता आलं असतं. पण लालासाहेबांच्या मागे, त्यांच्या गच्चीवर, त्यांचे फ्लेक्सवाले जावई यशराज मापाची टेप घेऊन उभे होते.

"संपत आली," मी म्हणालो, आणि कुंडीत पाणी घातलं.